कोळी हटवायचा, तर आधी दिवा बदला

घरामागच्या गॅरेजात नाहीतर पडवीत टेबल टाकून हौसेनं सुतारकाम करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. रविवारी सगळे कोपरे झाडले, तरी पुढच्या रविवारी टांगलेल्या करवतीपासून छतापर्यंत धागे पुन्हा हजर. मग कीटकनाशकाचा फवारा येतो, कपाटात डांबराच्या गोळ्या पडतात, कुणीतरी पुदिन्याचं तेल सुचवतं. कोळी मात्र तिथेच. यात कोळ्याचा चिवटपणा थोडा आणि आपल्या खोलीची मांडणी जास्त कारणीभूत आहे.

आपल्याकडच्या अशा खोल्यांत हमखास दिसतो तो लांब, बारीक पायांचा करडा कोळी. शास्त्रीय नाव क्रॉसोप्रिझा लायोनी. त्याच्या जाळ्याला बोट लावलं की तो अंग इतक्या वेगानं हलवतो की धड दिसतही नाही. शत्रूला नेम धरता येऊ नये म्हणून ही युक्ती असावी, असं मानतात. बागेत गोल जाळी विणणारे बरेच कोळी जुनं जाळं खाऊन टाकतात आणि त्यातली प्रथिनं नव्या रेशमासाठी वापरतात. हा तसं करत नाही. जुन्या जाळ्यालाच नवे धागे जोडत राहतो, आणि जागा सोडली तरी जाळं मागे ठेवून जातो. त्यात आपल्या खोलीच्या हवेत कायम बारीक भुसा. तो धाग्यांवर बसला की एरवी नजरेस न पडणारं जाळं चारच दिवसांत ठळक होतं. डोळ्यांना खुपणारी बरीचशी कोळिष्टकं त्यामुळे रिकामी असतात. आपण चिडतो कोळ्यावर, पण दिसत असतो आपलाच भुसा.

तरीही जिवंत कोळी असतातच, आणि ते तिथे का येतात हे पाहायला हवं. कोळ्याला लाकडात, अवजारांत, रंगाच्या डब्यांत काडीचाही रस नसतो. त्याला किडे हवेत आणि महिनोन्‌महिने कुणी हात लावणार नाही असा कोपरा हवा. फळ्यांचा ढीग म्हणजे असे शंभर कोपरे. राहता राहिले किडे. ते आपणच बोलावतो. संध्याकाळी दार उघडं टाकून पांढऱ्या ट्यूबलाइटखाली काम सुरू झालं की डास, पतंग, चिलटं आणि पावसाळ्याच्या तोंडावर पंखवाली वाळवी आत येते. किडे दिव्याभोवती का घिरट्या घालतात, याचं एक चांगलं उत्तर 2024 मध्ये मिळालं. वेगवान कॅमेऱ्यांनी केलेल्या चित्रणात दिसलं की उडणारे किडे आपली पाठ उजेडाकडे वळवतात. रात्रीच्या आकाशाखाली हा नियम त्यांना सरळ उडत ठेवतो, कारण एरवी उजळ बाजू ती वरचीच. जवळचा दिवा आला की तोच नियम त्यांना गोल गोल फिरवत अडकवून ठेवतो. त्या दिव्याच्या वर, छताच्या कोपऱ्यात जाळं बांधलं की कोळ्याला दुसरं काही करावं लागत नाही.

म्हणून पहिला उपाय दिव्याचा. किड्यांच्या डोळ्यांना अतिनील आणि निळा उजेड जास्त जाणवतो. ट्यूबमधून थोडा अतिनील प्रकाश बाहेर पडतो, एलईडीमधून जवळपास नाहीच. त्यातही पिवळसर छटेचा एलईडी घेतला की निळा भागही कमी होतो. बारीक कामाला लख्ख पांढरा उजेडच हवा असेल, तर तो टेबलापुरता ठेवावा आणि दाराबाहेरचा दिवा पिवळा करावा. खिडकीला मच्छरजाळी, दाराखालच्या फटीला रबरी पट्टी. एवढ्यानं किडे पुष्कळ घटतात. कोळी मात्र लगेच जात नाहीत, कारण त्यांची शरीरं फार कमी ऊर्जेवर चालतात आणि अन्नाशिवाय ते आठवडेच्या आठवडे काढू शकतात. इथे धीर धरावा लागतो.

त्या काळात झाडू नको, व्हॅक्यूम क्लीनर वापरा. झाडूनं कोळी खाली पडतो आणि पळून जातो. व्हॅक्यूममध्ये कोळी, जाळं, अडकलेले किडे सगळंच जातं. क्रॉसोप्रिझाची मादी अंडी भिंतीला चिकटवत नाही, पिल्लं बाहेर येईपर्यंत जबड्यात धरून फिरते. ती उचलली गेली की पुढची पिढीही गेली. दर आठवड्याला जाळं मोडत राहिलं आणि भक्ष्यही मिळेना झालं, की बाकीचे स्वतःहून जागा बदलतात. फळ्या जमिनीवरून उचलून भिंतीपासून हातभर दूर ठेवल्या तर व्हॅक्यूमची नळी मागे पोचते. कॉम्प्रेसरच्या हवेनं जाळी उडवण्याचा मोह होतो, तो टाळा. सगळा भुसा नाकाडोळ्यांत जातो. आणि जाळी जाळायला ब्लोलॅम्प घेणाऱ्यांना काय म्हणावं? भुशानं माखलेला धागा, शेजारी थिनरचा डबा!

फवाऱ्याचं काय? थेट अंगावर मारला तर कोळी मरतो. पण भिंतीवर वाळलेल्या औषधाचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. झुरळ पोट आणि मिशा घासत चालतं, मग मिशा तोंडानं साफ करतं, आणि औषध पोटात जातं. कोळी पायांच्या टोकांवर चालतो, शरीर वर उचललेलं, आणि जाळ्यातला तर भिंतीला क्वचितच शिवतो. शिवाय फवाऱ्याच्या डब्यातला वायू सहसा ज्वलनशील असतो, ग्राइंडरच्या ठिणग्यांजवळ तो नकोच. आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजानं किडे-कोळी पळवण्याचा दावा करणारी, भिंतीत खोचायची अल्ट्रासॉनिक यंत्रं तर विकतच घेऊ नका. त्यांच्या दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा, असा इशारा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहक संरक्षण पाहणाऱ्या सरकारी संस्थेनं 2001 मध्ये साठहून अधिक उत्पादक आणि विक्रेत्यांना दिला होता. पुदिन्याच्या तेलाची बाजू थोडी बरी आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही जातींच्या कोळ्यांनी ते टाळलं, लिंबाच्या तेलाकडे मात्र सरळ दुर्लक्ष केलं. तेल उडून जातं, तेव्हा रोज शिंपडायची तयारी हवी.

भीतीबद्दल थोडं. आपल्या घरांत दिसणारे बहुतेक कोळी माणसाला अपाय करत नाहीत. भिंतीवर पसरलेला तळहाताएवढा तपकिरी कोळी, हेटेरोपोडा व्हेनॅटोरिया, पाहून भलेभले स्टुलावर चढतात; तो जाळं विणत नाही, रात्री झुरळं मारतो. मला विचाराल तर त्याला राहू द्यावं, फार तर बरणीत धरून बाहेर सोडावं. पावसाळ्यात मानेवर किंवा हातावर भाजल्यासारखा लांबट चट्टा उठला की ‘कोळी अंगावरून गेला’ म्हणतात. त्यामागे बऱ्याचदा पेडेरस नावाचा छोटा नारिंगी-काळा भुंगेरा असतो. तो चिरडला की त्याच्या शरीरातलं पेडेरिन हे दाहक रसायन त्वचेला लागतं. हा भुंगेराही दिव्याकडेच येतो, म्हणजे दिवा बदलल्याचा फायदा इथेही. अंगावर दिसला तर चिरडू नका, फुंकर मारा आणि जागा साबणानं धुवा. खबरदारी म्हणून फळ्यांच्या ढिगात हात घालताना हातमोजे घालावेत. तिथे विंचूही निघतो.

कोळ्यांना हटवणारं आणखी कुणीतरी तुमच्या खोलीत असण्याची शक्यता आहे. यंत्राच्या खाचेत, कपाटामागे किंवा टांगलेल्या एप्रनच्या घडीत चिखलाची छोटी घरं दिसली, तर ती कुंभारीण माशीची. एखादं ताजं घर फोडून पाहा. आत बधिर केलेले कोळी एकावर एक भरलेले असतात, मेलेले नव्हे, म्हणजे तिच्या अळीला अन्न ताजं मिळावं. पण ही मदत फुकट नाही. तिची घरं ड्रिलच्या हवेच्या झरोक्यात झाली तर मोटर तापते. चिखल ओला असतानाच खरवडला तर निघतो; वाळला की पटाशी काढावी लागते.