थरथरत्या हातांसाठी बनवलेला पट्टा

"अरे, एवढं घट्ट बांधू नको, पाय कापावा लागेल!" हर्णैच्या बंदरात, देवगडच्या आंबाबागेत किंवा राजापूरकडच्या एखाद्या चिरेखाणीवर कुणाला खोल जखम झाली की गर्दीतून हे वाक्य हमखास येतं. पाठोपाठ कुणी सुतळी आणतं, कुणी हळदीचा डबा. सैन्यातल्या वैद्यकीय सहायकाला मात्र नेमकं उलट शिकवतात. हाताला किंवा पायाला झालेल्या जखमेतून रक्त उसळत असेल तर आधी पट्टा आवळायचा आणि तो अर्धवट आवळायचा नाही. दोघांमध्ये बरोबर कोण, हे ठरवायला थोडं भौतिकशास्त्र लागतं आणि ते शाळेतल्याच पातळीचं आहे.

कोकणाला फौज नवी नाही. दापोलीला आजही 'कॅम्प' म्हणणारी माणसं आहेत, आणि महाड-खेडच्या वाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या पोरं भरती झाली आहेत. पण शौर्य म्हटलं की डोळ्यांपुढे बंदूकवालाच येतो. नोएल चावास या इंग्रज डॉक्टरने १९१६ मध्ये गियेमाँच्या लढाईत दोन्ही फळ्यांमधल्या मोकळ्या जमिनीवर रात्रभर जखमी शोधले. पुढच्या वर्षी स्वतः जखमी असूनही त्याने जागा सोडली नाही आणि ४ ऑगस्ट १९१७ रोजी तो गेला. पहिल्या महायुद्धात दोन वेळा व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळवणारा तो एकमेव. आपल्या सैन्यातल्या ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स या वैद्यकीय पथकाचे लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज १९५० च्या हिवाळ्यात कोरियाच्या युद्धात होते. माघार सुरू झाली, वाहनं मिळेनात, तेव्हा त्यांच्या पथकाने सोडून दिलेलं एक आगगाडीचं इंजिन शोधलं, बादल्यांनी पाणी भरून ते चालू केलं आणि शस्त्रक्रियेचं सगळं सामान बाहेर काढलं. मार्च १९५१ मध्ये याच पथकातले बारा जण अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर मुनसान-नी इथे उतरले. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं.

या माणसांचं धैर्य मोठंच. पण ते जखमीपर्यंत पोहोचतात त्या क्षणी त्यांच्या हातात वेळ किती असतो, हे क्वचितच सांगितलं जातं. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. मांडीतली मुख्य धमनी पूर्ण तुटली तर तीन ते पाच मिनिटांत जीव जाऊ शकतो. त्यात फसवणारी गोष्ट अशी की तरुण, धडधाकट शरीर सुमारे दीड लिटर रक्त जाईपर्यंत रक्तदाब सावरून धरतं. नाडी जलद होते, त्वचा गार आणि ओलसर होते, पण माणूस बोलत असतो. मग दाब एकदम कोसळतो. "बरा होता हो, बोलत होता" हे वाक्य म्हणून इतक्या वेळा ऐकू येतं.

२००१ ते २०११ या काळात रणांगणावर जखमी होऊन मरण पावलेल्या ४,५९६ अमेरिकी सैनिकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांतले ८७ टक्के रुग्णालयात पोहोचण्याआधीच गेले होते. त्या आधीच गेलेल्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा, म्हणजे ९७६ जण, वाचू शकले असते असा निष्कर्ष निघाला, आणि या ९७६ पैकी सुमारे ९१ टक्क्यांना रक्तस्रावाने नेलं होतं. म्हणून आता लष्करी प्रथमोपचाराचा जुना क्रम बदलला आहे. पूर्वी आधी श्वासमार्ग पाहायचे. आता आधी मोठा रक्तस्राव, मग श्वासमार्ग, मग छाती, मग रक्ताभिसरण आणि शेवटी अंगाची ऊब. गोळीबार चालू असताना तर उपचार एकच: आडोसा गाठायचा आणि हातातून किंवा पायातून जोरात रक्त वाहत असेल तर कपड्यावरूनच, शक्य तितका वर, पट्टा आवळायचा.

या पट्ट्याला टूर्निकेट म्हणतात. रचना पाहिली तर साधी वाटते: सुमारे ३.८ सेंटिमीटर रुंद पट्टा, एक बक्कल, पीळ द्यायला एक दांडी आणि दांडी अडकवायला खाच. मग सुतळीने काय बिघडतं?

इथे जरा थांबून नीट पाहू, कारण सगळी मेख इथेच आहे. मोदकाच्या उकडीचा गोळा घ्या. त्यावर दोरा ताणून दाबा. दोरा वरच्यावर रुततो, गोळ्याच्या मध्यापर्यंत काही पोहोचत नाही. आता त्याच गोळ्यावर तळहात ठेवून दाबा, गोळा तळापर्यंत चपटा होतो. दाब किती खोल जाईल हे दाबणाऱ्या वस्तूच्या रुंदीवर ठरतं. साधारण जेवढी रुंदी तेवढ्या खोलीपर्यंत दाबाचा जोर टिकतो, पुढे तो झपाट्याने विरतो. सुतळी तीन मिलिमीटरची, आणि मांडीतली धमनी स्नायूंच्या आत काही सेंटिमीटरवर. सुतळी कातडी कापेल, वरच्या नसा चिरडेल, पण धमनी मिटणार नाही.

याचा पुरावा तुम्ही स्वतः पाहिलेला आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजताना जाड दंडावर लहान पट्टा बांधला तर दाब खोटाच जास्त दिसतो. कारण हेच: पट्टा अरुंद, म्हणून धमनी मिटवायला वरून जास्त हवा भरावी लागते. पट्टा जितका रुंद आणि अवयवाचा घेर जितका कमी, तितक्या कमी दाबात काम होतं.

आता थोडा हिशेब. पट्ट्यातला ताण म्हणजे दाब गुणिले अवयवाची त्रिज्या गुणिले पट्ट्याची रुंदी. मांडीचा घेर ५४ सेंटिमीटर धरा, त्रिज्या ८.६ सेंटिमीटर येते. दाब २५० मिलिमीटर पाऱ्याचा हवा असेल तर ३.८ सेंटिमीटरच्या पट्ट्यात सुमारे ११ किलो वजनाइतका ताण सर्व बाजूंनी सारखा टिकवावा लागतो. अकरा किलो ओढणं कठीण नाही. कठीण आहे ते "सर्व बाजूंनी सारखा". जेट्टीवरच्या खुंटाला दोराचे दोन-तीन वेढे मारले की एक माणूस अख्खा ट्रॉलर धरून ठेवतो, ती घर्षणाची करामत. मांडीभोवतीच्या पट्ट्यालाही तोच नियम लागू. पँटच्या जाड कापडावर घर्षण होतं, ओढलेल्या टोकाजवळ ताण भरपूर आणि मांडीच्या मागे निम्म्याहून कमी. म्हणून चांगल्या टूर्निकेटमध्ये पट्ट्याच्या खोळीतून दुसरी एक पट्टी मोकळी सरकते. दांडी फिरवली की ती आतली पट्टी आखडते आणि ताण सगळीकडे वाटला जातो.

अर्धवट आवळणं हे मुळीच न आवळण्यापेक्षा वाईट ठरू शकतं. शिरांमधला दाब अगदी कमी असतो, धमनीतला १२० च्या आसपास. पट्ट्याचा दाब ७०-८० वर थांबला तर शीर मिटते, धमनी उघडी राहते. रक्त आत जात राहतं, परत येत नाही, अवयव फुगतो आणि जखमेतून रक्त जास्त जोराने वाहतं. रक्त तपासायला घेताना लॅबवाला दंडाला रबरी नळी बांधतो ती नेमकी याचसाठी, शीर फुगावी म्हणून. जखमेच्या वेळी लोक नकळत तेच करतात.

आणि ती दांडी? तिच्यातच या यंत्राचं शहाणपण आहे. घाबरलेल्या माणसाच्या रक्तात ॲड्रेनलिन वाढतं, नाडी धावते, बोटांची बारीक हालचाल बिघडते. गाठ मारणं, सुई ओवणं, चिकटपट्टीचं टोक शोधणं जमेनासं होतं. मुठीत धरून पिळणं मात्र जमतं. गोळ्या चालू असताना, रक्ताने बुळबुळीत झालेल्या हातांनी, अंधारात वापरता यावं असं हे साधन आहे. भीती वाटत नाही असा सहायक सैन्य शोधत नाही. भीती वाटत असतानाही हात क्रम चुकणार नाहीत, इतका सराव ते करून घेतं.

क्रम असा. जखमेच्या वर ५ ते ७ सेंटिमीटर पट्टा घालायचा, गुडघ्यावर किंवा कोपरावर कधीच नाही. जखम दिसत नसेल तर मांडीच्या किंवा दंडाच्या अगदी वरच्या टोकाला. खिशातला मोबाइल, किल्ल्या आधी काढायच्या, पट्ट्याखाली आल्या तर दाब तिथेच अडतो. दांडीला हात लावण्याआधी पट्टा हाताने जीव खाऊन ओढायचा, त्याखाली बोट शिरता कामा नये. सर्वांत जास्त फसगत इथेच होते: ढील राहते, मग दांडी चार-पाच अर्धे फेरे मागते, पट्टा गोळा होतो आणि दोरीसारखा वागतो. तीन अर्ध्या फेऱ्यांत काम व्हायला हवं. रक्त थांबलं आणि खालची नाडी लागेनाशी झाली की दांडी खाचेत अडकवायची आणि वेळ लिहायची. रक्त चालूच असेल तर त्याच्या वर लागून दुसरा पट्टा. जखमी माणूस वेदनेने ओरडेल. ती वेदना पट्टा नीट लागल्याची असते, त्यासाठी तो सैल करायचा नाही.

मग पाय कापावा लागतो त्याचं काय? ही भीती आली पहिल्या महायुद्धातून. तेव्हा जखमी तासन्‌तास चिखलात पडून राहत, पट्टे अरुंद असत, कोणी केव्हा बांधला याची नोंद नसे. २००६ मध्ये बगदादच्या लष्करी रुग्णालयात २३२ रुग्णांच्या ३०९ हातापायांवर लावलेल्या टूर्निकेटचा अभ्यास झाला. पट्ट्यामुळे एकही अवयव गेला नाही. धक्क्याची (शॉक) अवस्था, म्हणजे रक्त जाऊन रक्तदाब कोसळण्याची वेळ, येण्याआधी पट्टा लावलेल्यांपैकी ९० टक्के वाचले, नंतर लावलेल्यांपैकी १० टक्के. दोन तासांपर्यंत धोका फार कमी, सहा तासांनंतर मोठा. दर पंधरा मिनिटांनी पट्टा सैल करण्याचा जुना सल्ला चुकीचा आहे, त्यात माणूस हप्त्याहप्त्याने रक्त गमावतो.

हे दोन तास कोकणाच्या किनाऱ्याला बरोबर बसतात. १२ सागरी मैलांवर विंचच्या दोरात पाय सापडला आणि ट्रॉलर ८ नॉटने निघाला तर बंदर गाठायला दीड तास लागतो. तांडेलाने लगेच व्हीएचएफच्या १६ नंबरच्या चॅनेलवर किंवा १५५४ वर तटरक्षक दलाला कळवलं आणि जेट्टीवर १०८ ची गाडी उभी राहिली, तर पायही वाचेल.

पट्टा हाती नसेल तर पंचा किंवा ओढणी चार-पाच सेंटिमीटर रुंद घडी घालून, वर मजबूत दांडी बांधून पिळायची. कमरेचा चामडी पट्टा ताठ असतो, पीळ घेत नाही. पेन्सिल मोडते. वल्ह्याचा तुकडा, मोठा पाना चालतो.

जांघेत किंवा काखेत पट्टा बसत नाही. तिथे जखमेत कापड खोलवर, रक्त येतं त्या दिशेने, ठासून भरायचं आणि अंगाचा भार देऊन दाबून धरायचं. साधं कापड असेल तर किमान दहा मिनिटं, मध्ये उचलून न पाहता. सैन्याकडे यासाठी कायटोसानची पट्टी असते आणि तिचा कच्चा माल आपल्या ओळखीचा आहे: कोळंबीची सालं. सालीतल्या कायटिनवर अल्कलीची प्रक्रिया केली की कायटोसान मिळतं. त्यावर धन भार येतो, तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. दोन्ही चिकटून चिखलासारखा बोळा तयार होतो. शरीराची स्वतःची गोठण्याची यंत्रणा थंड पडली असली तरी हा बोळा बनतो, म्हणून ही पट्टी अमोल. पण तीही तीन मिनिटं दाबूनच धरावी लागते. जखमेवर भुरभुरताच सेकंदांत रक्त थांबवणाऱ्या पावडरीच्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. लष्करात आलेल्या अशा पहिल्या दाण्यांनी ओलं होताच उष्णता सोडून मांस भाजलं होतं.

हळद, कॉफी, तंबाखू, चुना, देवाचा अंगारा यांतलं काहीही उसळणारी धमनी थांबवत नाही. पृष्ठभागावरच्या खरचट्यातून रक्त आपोआपच थांबतं आणि श्रेय हळदीला मिळतं. मोठ्या जखमेत ती घाण नंतर शल्यविशारदाला उपसावी लागते, आणि त्याहून वाईट म्हणजे डबा शोधण्यात ती तीन मिनिटं जातात. आणखी एक गोष्ट कोकणात तरी ठासून सांगायला हवी: साप चावल्यावर हा पट्टा लावायचा नाही. फुरशाचं विष रक्ताची गोठण्याची क्षमताच खाऊन टाकतं. आवळलेल्या पायात ते साठतं, मांस कुजवतं. तिथे पाय हलू न देता रुग्णालय गाठायचं, बस.

रक्त थांबल्यावर उरते ऊब. गोठण्याच्या क्रियेतली एन्झाइम्स ३७ अंशांसाठी घडलेली आहेत. अंग ३४-३५ वर आलं की ती मंदावतात, प्लेटलेटही आळसावतात. अंग गार म्हणून रक्त पातळ वाहतं, रक्त गेलं म्हणून अंग आणखी गार पडतं. पावसाळ्यात ओल्या कपड्यांत डेकवर पडलेला खलाशी २८ अंशांच्या हवेतही गार पडतो. ओले कपडे कापून काढा, खाली कोरडं जाळं किंवा फळी घाला, वर गोधडी आणि ताडपत्री. तोंडाने पाणी, चहा, दारू काही नको, भूल देताना ते फुप्फुसात जाऊ शकतं.

सैनिक आपला टूर्निकेट दोन्ही हात पोहोचतील अशा जागी बाळगतो, कारण जखमी हात कोणता असेल हे आधी ठाऊक नसतं. ट्रॉलरवर तो चाकाजवळ, केबिनच्या सावलीच्या बाजूला टांगावा. उन्हात प्लॅस्टिकची दांडी ठिसूळ होते आणि ऐन वेळी तुटते. स्वस्त नकली पट्ट्यांच्या दांड्या तर पहिल्याच पिळाला वाकतात. सरावाचा पट्टा वेगळा ठेवावा, त्यावर तसं लिहून ठेवावं. सराव आपल्याच दंडावर, मनगटाची नाडी लागेनाशी होईपर्यंत, घड्याळ लावून करावा. एका हाताने. मग दुसऱ्या हाताने.