रॉक व पंक संगीतातील स्त्रिया

रॉक व पंक संगीतातील स्त्रिया : विसाव्या शतकाच्या मध्यापासून रॉक संगीताच्या आणि १९७० नंतर त्याच्या पंक या बंडखोर शाखेच्या जडणघडणीत स्त्री-वादक, गायिका, गीतकार व ध्वनिमुद्रण-निर्मात्या यांचा वाटा. गायिका म्हणून स्त्रियांची दखल बहुतेक इतिहासकारांनी घेतली आहे. वाद्य हाती घेतलेली स्त्री मात्र पुष्कळदा तळटीपेतच राहिली. म्हणून प्रस्तुत नोंदीत वादन, रचना व निर्मिती यांवर अधिक भर दिला आहे.

उगमाचा प्रश्न : रॉक अँड रोलची पहिली ध्वनिमुद्रिका कोणती, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. जिम डॉसन व स्टीव्ह प्रोप्स यांनी १९९२ मध्ये या मानाच्या तब्बल पन्नास दावेदार ध्वनिमुद्रिकांची चिकित्सा केली. फॅट्स डॉमिनोचे ‘द फॅट मॅन’ (ध्वनिमुद्रण १९४९), जॅकी ब्रेन्स्टनच्या नावावर निघालेले ‘रॉकेट ८८’ (१९५१) आणि एल्व्हिस प्रेस्लीचे ‘दॅट्स ऑल राइट’ (१९५४) ही नावे नेहमी पुढे येतात. या सर्वांच्या आधी, १९४४ मध्ये, सिस्टर रोझेटा थार्प (१९१५–७३) या कृष्णवर्णीय गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिसंगीत) गायिकेने ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ हे गीत डेका कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केले. पियानोवर सॅमी प्राइस होते आणि गिटार स्वतः थार्प यांच्या हाती होती. १९४५ मध्ये हे गीत ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाच्या, कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी त्या काळी वेगळ्या ठेवलेल्या लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. म्हणून रॉक अँड रोलची पहिली ध्वनिमुद्रिका हीच, असेही मत मांडले जाते.

थार्प यांचा जन्म आर्कान्सा राज्यातील कॉटन प्लांट या गावचा. आई धर्मप्रचारक होती व मँडोलिन वाजवीत असे. तिच्यासोबत मुलगी लहानपणापासूनच चर्चमध्ये गिटार वाजवू लागली. १९३८ मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि त्याच वर्षी त्या न्यूयॉर्कच्या कॉटन क्लब या रात्रक्लबमध्ये व कार्नेगी हॉल या संगीतगृहातही झळकल्या. भक्तिगीते नाचगाण्याच्या ठिकाणी गायिल्याबद्दल चर्चमधील मंडळींनी त्यांना बोल लावले. त्यांच्या वादनाचे वैशिष्ट्य असे, की गाण्याच्या दोन ओळींमधली जागा त्या केवळ सुरावटींच्या साथीने भरत नाहीत; एकेक स्वर सुटा, ठसठशीत छेडून गिटारलाच उत्तर द्यायला लावतात. पुढे विद्युत गिटार हाती आल्यावर ध्वनिवर्धक ताणून निघणारा खरखरीत नादही त्यांनी बेधडक वापरला. १९५० नंतरच्या रॉक गिटारवादनाचे हेच व्याकरण होय.

‘स्ट्रेंज थिंग्ज’ला पहिली ध्वनिमुद्रिका मानणाऱ्या मताविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. एक, गीताचा आशय धार्मिक आहे. दुसरा, त्याची लय बूगी-वूगी (ब्लूजमधील झपाट्याची पियानो-शैली) पियानोवर चालते आणि रॉकचा ठळक, दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडणारा आघात त्यात पुरेसा स्पष्ट नाही. पहिला आक्षेप फारसा टिकणारा नाही, कारण उत्तरकालीन रॉक गायकीने गॉस्पेलकडून घेतलेले ऋण सर्वमान्य आहे. दुसऱ्यात तथ्य आहे. तथापि पहिलेपणाचा हट्ट सोडून प्रभावाकडे पाहिले, तर थार्प यांच्या चरित्रकार गेल वॉल्ड यांची भूमिका अधिक ग्राह्य वाटते : एका विशिष्ट ध्वनिमुद्रिकेपेक्षा थार्प यांची वादनशैली व रंगमंचावरील वावर हे रॉकचे मूळ मानावे. १९४७ मध्ये मेकन (जॉर्जिया) येथे थार्प यांनी पुढे रॉक गायक म्हणून गाजलेल्या किशोरवयीन लिटल रिचर्डला आपल्या कार्यक्रमात गायला लावले होते. गायक जॉनी कॅश यांनीही त्यांचे ऋण जाहीरपणे मान्य केले. १९६४ मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर दूरचित्रवाणीसाठी झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाचे चित्रण उपलब्ध असून त्यात त्यांचे गिटारवादन स्पष्ट पाहता येते.

विली मे ‘बिग मामा’ थॉर्नटन (१९२६–८४) यांच्याबाबत वाद उगमाचा नसून श्रेयाचा आहे. जेरी लीबर व माइक स्टोलर या तरुण जोडीने त्यांच्यासाठी रचलेले ‘हाउंड डॉग’ १९५२ मध्ये ध्वनिमुद्रित झाले आणि १९५३ मध्ये रिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताच्या यादीत सात आठवडे अग्रस्थानी राहिले. मूळ गीतात आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलेल्या पुरुषाला घराबाहेर काढणारी बाई बोलते. प्रेस्लीने १९५६ मध्ये गायिलेला पाठ लास व्हेगसमधील फ्रेडी बेल यांच्या बँडने बदललेल्या शब्दांवर आधारलेला होता. त्यात ती बाई नाहीशी झाली आणि कुत्रा खरोखरीचा कुत्रा झाला. आज बहुतेकांना ठाऊक असलेला पाठ हा दुसरा. थॉर्नटन यांचेच ‘बॉल अँड चेन’ हे गीत गाऊन जॅनिस जॉप्लिन १९६७ च्या माँटेरी महोत्सवात प्रसिद्धीस आली.

स्त्री-बँड : १९६० च्या दशकारंभी शिरेल्स, रॉनेट्स इ. गायिका-समूह लोकप्रिय होते. कॅरल किंगसारख्या रचनाकार स्त्रियांनी त्यांना गीते पुरवली. मात्र त्या गाण्यांवर साथीला बहुधा स्टुडिओतील पगारी वादक असत. या वादकांत कॅरल के या बासवादक स्त्रीचे स्थान मोठे आहे; लॉस अँजेल्समधील असंख्य ध्वनिमुद्रणांत त्यांची बास गिटार ऐकू येते, पण वेष्टनांवर वादकांची नावे छापण्याचा प्रघातच नव्हता.

सर्व वाद्ये स्वतः वाजवणारा आणि मोठ्या कंपनीने करारबद्ध केलेला पहिला स्त्री-बँड म्हणून न्यूयॉर्कच्या गोल्डी अँड द जिंजरब्रेड्सचे नाव सांगितले जाते (स्थापना सु. १९६२). फॅनी या कॅलिफोर्नियातील बँडविषयीही असाच दावा आढळतो. दोन्ही दावे एकमेकांना छेद देत नाहीत : पहिल्याला करार आधी मिळाला, पण निघाल्या त्या सुट्या ध्वनिमुद्रिका, मोठ्या कंपनीकडून संपूर्ण अल्बम प्रथम निघाला तो फॅनीचा (१९७०). फॅनीची स्थापना करणाऱ्या जून व जीन मिलिंग्टन या भगिनी मनिला येथे जन्मल्या. गोल्डीतील गायिका जेन्या रेव्हन हिने पुढे १९७७ मध्ये डेड बॉइज या पंक बँडच्या पहिल्या अल्बमची निर्मिती केली. साठच्या दशकातील स्त्री-बँड व पंक यांच्यामधला हा दुवा सहसा कोणी नोंदवत नाही.

सुझी क्वाट्रो हिने बास गिटार गळ्यात अडकवून ‘कॅन द कॅन’ या गीताद्वारे १९७३ मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिले स्थान मिळवले. तिचा आदर्श समोर ठेवणाऱ्या जोन जेट हिने सँडी वेस्ट या ड्रमवादक मुलीसह १९७५ मध्ये द रनअवेज हा किशोरवयीन मुलींचा बँड उभा केला. व्यवस्थापक किम फाउली याने या मुलींचे वय व देह विक्रीला मांडले, ही टीका आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. त्यांचे वादन मात्र त्या टीकेच्या गदारोळात दुर्लक्षित राहू नये.

पंक : न्यूयॉर्क आणि लंडन यांपैकी पंकचे जन्मस्थान कोणते, हा वाद जुना आहे. स्त्रियांच्या संदर्भात न्यूयॉर्कचे पारडे जड ठरते. पॅटी स्मिथ (१९४६– ) हिची पहिली ध्वनिमुद्रिका १९७४ मध्ये खाजगीरीत्या निघाली. खर्च छायाचित्रकार रॉबर्ट मेपलथॉर्प याने केला. ‘हॉर्सेस’ हा अल्बम नोव्हेंबर १९७५ चा, म्हणजे रमोन्स या न्यूयॉर्कच्या पंक बँडच्या पहिल्या अल्बमच्या काही महिने आधीचा. काही समीक्षक स्मिथला ‘पंकपूर्व’ गटात टाकतात, कारण तिच्या रचना दीर्घ व काव्यप्रधान आहेत. संगीताच्या घाटापुरते हे मान्य करता येईल. परंतु खाजगी पैशाने ध्वनिमुद्रण, सीबीजीबीसारखा लहानसा क्लब आणि वादनाच्या सफाईपेक्षा आवेगाला महत्त्व ही पंकची पद्धती तिच्यात पूर्णतः आढळते. ब्लाँडीची डेबी हॅरी, टॉकिंग हेड्सची बासवादक टीना वेमाउथ व क्रँप्सची गिटारवादक पॉयझन आयव्ही या त्याच वर्तुळातल्या.

लंडनमध्ये गायिका सूझी सू हिने २० सप्टेंबर १९७६ रोजी ‘१०० क्लब’ या नावाच्या क्लबमधील पंक महोत्सवात, जवळजवळ पूर्वतयारीविना, पहिला कार्यक्रम केला. पॉली स्टायरिन (१९५७–२०११) ही सोमाली पिता व ब्रिटिश माता यांची कन्या. दातांवरची तार न लपवता ती रंगमंचावर उभी राही. तिच्या एक्स-रे स्पेक्स या बँडने ‘ओ बाँडेज अप युवर्स!’ (१९७७) या गीतात बाजारपेठ व स्त्रीची बंधने यांवर एकाच दमात कोरडे ओढले. लॉरा लॉजिकचा सॅक्सोफोन हे त्या गीताचे आणखी एक वैशिष्ट्य.

द स्लिट्स (स्थापना १९७६) हा बँड रचनेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. त्यातील गायिका आरी अप त्या वेळी १४ वर्षांची होती. त्यांच्या ‘कट’ (१९७९) या अल्बमचा निर्माता डेनिस बॉव्हेल हा रेगे या जमैकातील संथ लयीच्या संगीतातला. त्यामुळे पंकची घाई आणि रेगेची मोकळी जागा यांचा मेळ त्यात बसला. अल्बमवर ड्रम बजी या पुरुष वादकाने वाजवले आहेत. बऱ्याच गीतांचे मूळ ठेके मात्र पाल्मोलिव्ह या स्पॅनिश वादिकेने बांधले होते; ध्वनिमुद्रणापूर्वीच ती बँड सोडून द रेनकोट्समध्ये गेली. झांजेवर नियमित ताल धरण्याऐवजी खालच्या ड्रमांवर फिरते, असमान आघात करणे ही तिची रीत दोन्ही बँडच्या संगीतात जाणवते. केवळ वेष्टनावरील श्रेयनामावली वाचणाऱ्यास हा प्रभाव दिसणार नाही.

पंकला वादनकौशल्य लागत नसल्याने स्त्रियांना त्यात शिरता आले, असे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. वादन शिकत शिकत रंगमंचावर येण्याची मुभा पुरुषांनाही होती; त्यांच्या यशाचे कारण म्हणून मात्र ती सांगितली जात नाही. त्या काळात स्वतः बास वाजवणाऱ्या संशोधक हेलन रेडिंग्टन यांनी या स्त्री-वादकांचा मागोवा घेऊन, त्या नव्हत्याच असे नाही तर इतिहासलेखनातून गळल्या, असे दाखवले आहे.

ब्रिटन-अमेरिकेबाहेर झुरिकमधील क्लीनेक्स (कागदी रुमालांच्या उत्पादकाने हरकत घेतल्यावर लिलिपुट), जर्मनीत गायिका नीना हागेन आणि ओसाका येथील शोनेन नाइफ (१९८१) हे उल्लेखनीय. लॉस अँजेल्सच्या पंक वर्तुळातून आलेल्या द गो-गोज या बँडचा पहिला अल्बम १९८२ मध्ये अमेरिकेत सहा आठवडे अग्रस्थानी होता. स्वतःची गीते रचून स्वतः वाजवणाऱ्या स्त्री-बँडला हा मान प्रथमच मिळाला.

रायट गर्ल चळवळ : १९९१ च्या सुमारास वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिया आणि राजधानी वॉशिंग्टन येथे ही चळवळ आकारास आली. बिकिनी किल (कॅथलीन हॅना, टोबी व्हेल इ.) व ब्रॅटमोबिल हे तिचे प्रमुख बँड. ऑगस्ट १९९१ मध्ये ऑलिंपियातील संगीतसंमेलनाची पहिली रात्र स्त्रियांच्या बँडसाठी राखण्यात आली. छायाप्रती काढून हातोहात वाटलेल्या ‘झाइन’ नावाच्या छोट्या पत्रिकांतून लैंगिक अत्याचार, शरीराविषयीची लाज असे विषय मांडले गेले. धक्काबुक्कीमुळे मुली मागे ढकलल्या जात, म्हणून हॅना कार्यक्रमात त्यांना पुढे बोलावून पुरुषांना मागे सरकायला सांगत असे. १९९२ मध्ये बड्या वृत्तपत्रांनी केलेल्या उथळ चित्रणानंतर अनेकींनी पत्रकारांशी बोलणेच थांबवले. परिणामी त्या काळासाठी झाइन हेच मुख्य साधन ठरते. चळवळ प्रामुख्याने गोऱ्या मध्यमवर्गीय मुलींची राहिली, ही अभ्यासक मिमी थी गुयेन प्रभृतींची टीका रास्त आहे. बिकिनी किलच्या ‘रेबेल गर्ल’चा १९९३ मधील एक पाठ जोन जेटने निर्माण केला. ‘स्लीटर-किनी’ (१९९४) हा याच परिसरातील बँड सांगीतिक दृष्ट्या अधिक प्रगल्भ होय.

उत्तरकाळ : मॉस्कोतील पुसी रायट या स्त्रियांच्या पंक गटाने २१ फेब्रुवारी २०१२ रोजी ख्राइस्ट द सेव्हियर कॅथीड्रलमध्ये केलेल्या निषेध-सादरीकरणाबद्दल तिघींना दोन वर्षांची शिक्षा झाली, एकीची नंतर स्थगित झाली. हा प्रसंग संगीतापेक्षा राजकीय इतिहासाचा भाग ठरतो. इंडोनेशियातील गारूत येथील व्हॉइस ऑफ बासप्रॉट या हेवी मेटल (रॉकचा अधिक जोरकस प्रकार) वाजवणाऱ्या तिघींच्या बँडने २०२४ मध्ये ग्लॅस्टनबरी महोत्सवात वादन केले.

संस्थात्मक मान्यता उशिरानेच आली. अमेरिकेतील रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या १९८६ मधील पहिल्या तुकडीत एकही स्त्री नव्हती. १९८७ मध्ये अरीथा फ्रँक्लिन ही पहिली. थार्प यांचा समावेश २०१८ मध्ये व थॉर्नटन यांचा २०२४ मध्ये झाला. २०२५ साठी कॅरल के यांची निवड जाहीर झाली. मात्र स्टुडिओतील वादकांचे काम सांघिक असते आणि या सन्मानात ते प्रतिबिंबित होत नाही, अशा आशयाचे कारण देऊन त्यांनी तो नाकारला.