लाईट गेल्यावर कोंबड्यांच्या शेडमध्ये काय होते?

रात्री दोनला लाईट जाते तेव्हा पिल्लांना पहिला धक्का बसतो तो अंधाराचा. गारठा नंतर येतो. तीन-चार दिवसांची पिल्ले अचानक अंधार झाला की चिवचिवाट करत एका बाजूला सरकतात, मागची पुढच्यांच्या अंगावर चढतात आणि दहा-पंधरा मिनिटांत ढीग होतो. सकाळी त्या ढिगाच्या तळाशी चपटी, अंग ओलसर झालेली पिल्ले सापडतात. ‘थंडीने गेली’ असे आपण म्हणतो, पण ती गुदमरून गेलेली असतात. म्हणून रात्रीची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी करायची सोय म्हणजे दर अडीचशे पिल्लांमागे लाईट गेल्याक्षणी आपोआप लागणारा एक चार्जिंगचा एलईडी बल्ब. त्यासोबत दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रोज रात्री तासभर मुद्दाम दिवे बंद ठेवावेत आणि आपण तिथेच उभे राहावे. अंधाराची ओळख झालेली पिल्ले बिथरत नाहीत. चिक गार्ड, म्हणजे पिल्लांभोवतीचे कडे, गोलच हवे. कोपरा दिसला की पिल्ले तिथे जाऊन ढीग करतात.

आता उबेचे बघू. कोंबडीचे अंग ४१ ते ४२ अंश सेल्सिअस गरम असते, पण पहिले दहा-बारा दिवस पिल्लाला ही उष्णता स्वतःची स्वतः टिकवता येत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश लागतात, पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी करत जायचे. बल्बवर ही ऊब द्यायची तर पिल्लामागे एक ते दोन वॅट, म्हणजे हजार पिल्लांना एक ते दोन किलोवॅट. इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो, कारण ‘इन्व्हर्टर घेतला की झाले’ असे वाटते. १२ व्होल्ट, १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. पूर्ण रिकामी केली तर बॅटरी लवकर मरते, शिवाय इन्व्हर्टरही थोडे खातो. हाती येतात साधारण १२०० वॅट-तास. हजार पिल्लांची ऊब त्यावर तासभर टिकली तरी पुष्कळ. तेवढीच उष्णता सुमारे १०० ग्रॅम एलपीजी जाळून मिळते!

तेव्हा बॅटरीकडून उजेड आणि वारा घ्यावा, ऊब मागू नये. ऊब जळणातून घ्यावी.

गॅस ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारा गॅसचा हीटर, सगळ्यात सोयीचा, फक्त सिलिंडर व्यावसायिक घ्यावा आणि एक भरलेला कायम बाजूला असावा. कोळशाची शेगडी किंवा बुखारी (पत्र्याची बंद शेगडी) वापरणारे जास्त आहेत, आणि धोकाही तिथेच जास्त आहे. शेगडी शेडच्या बाहेर पेटवायची, धूर पूर्ण जाऊन निखारे लाल झाले की मगच आत आणायची. खाली विटा आणि वाळू, भोवती पत्र्याचे कडे, नाहीतर तूस पेटते. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या जागी चिकटतो आणि पिल्ले शांत झोपल्यासारखी दिसत मरतात. शेडमध्ये झोपणाऱ्या माणसालाही तो सोडत नाही. म्हणून शेगडी आत असताना पडदे गच्च आवळू नयेत. पडदा खाली बांधलेला आणि वरून उघडणारा असावा, वरची फूटभर फट कायम मोकळी. त्या फटीतून अमोनियाही जातो. कोंडलेल्या, गारठलेल्या शेडमध्ये वाढलेल्या ब्रॉयलरमध्ये पुढे पोटात पाणी होण्याचे प्रमाण वाढते, त्याची सुरुवात बहुधा याच रात्रींमध्ये झालेली असते.

तासा-दोन तासांसाठी आणखी साधा उपाय आहे गरम पाण्याचा. पाच लिटरचा कॅन ६० अंशांवरून ४० अंशांवर येईपर्यंत जेवढी उष्णता देतो, तेवढी द्यायला ६० वॅटच्या बल्बला सुमारे दोन तास लागतात. कॅन गोणपाटात गुंडाळून चिक गार्डच्या आत ठेवला की पिल्ले त्याला बिलगून बसतात. शंभर-दीडशे गावरान पिल्ले असतील तर दोन-तीन कॅनवर रात्र काढता येते, फक्त पाणी बदलत राहावे लागते.

वीज असूनही ऊब नसते, हे पुष्कळदा लक्षातच येत नाही. व्होल्टेज १७० वर उतरले की १०० वॅटचा बल्ब जेमतेम ६० वॅट देतो. बल्ब तर पेटलेला दिसतो, आणि पिल्ले त्याखाली गोळा झालेली असतात. तसेच जळालेल्या पिवळ्या बल्बच्या जागी कुणी एलईडी लावला तर लख्ख उजेड पडतो, ऊब मात्र जाते. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडेच बघावे. सगळीकडे पसरलेली, खातपीत असलेली पिल्ले म्हणजे तापमान ठीक. कडेला, पंख सैल सोडून, चोच उघडी टाकून बसलेली म्हणजे जास्त. एकाच बाजूला दाटलेली म्हणजे कुठून तरी वारा लागतोय. आणि एक पिल्लू उचलून त्याचे पाय आपल्या गालाला लावून बघा. पाय गार लागले तर ऊब कमी पडतेय.

पाच-सहा आठवड्यांच्या पक्ष्याचे दुखणे अगदी उलटे. दोन किलोचा ब्रॉयलर दहा वॅटपेक्षा जास्त उष्णता बाहेर टाकतो. हजार पक्षी म्हणजे शेडमध्ये दहा किलोवॅटहून मोठा हीटर, आणि तो कोणत्याही बटणाने बंद होत नाही. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत, ती धापा टाकून ओलावा उडवते आणि थंड होते. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइडही जातो, रक्ताचा आम्ल-अल्कली तोल बिघडतो. अंड्यावरच्या कोंबड्यांत म्हणूनच उन्हाळ्यात कवच पातळ येते.

एप्रिल-मेमध्ये दुपारी दोनला पंखे थांबले की मग धावपळ करून फारसे हाती लागत नाही, कारण खाद्य पचतानाची उष्णता खाल्ल्यानंतर काही तासांनी सगळ्यात जास्त असते. खाद्य सकाळी दहालाच उचलावे आणि ऊन उतरल्यावर, पाच वाजता द्यावे. लाईट असो वा नसो. छपरावर चुन्याचा पांढरा हात किंवा उसाचे पाचट हेही आधीच झालेले हवे. पंख्यांचे गणित बॅटरीला झेपते. साधा पंखा ७५ वॅट घेतो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० ते ३५. चार साधे पंखे एका बॅटरीवर चार तास चालतात, चार बीएलडीसी आठ तास. पंखे पक्ष्यांच्या उंचीवर, शेडच्या लांबीत वारा ढकलतील असे लावावेत.

हवाच ४१-४२ अंशांना पोहोचली तर नुसता वारा पक्ष्याला थंड करत नाही, ओलावा लागतो. फॉगरची (बारीक तुषार उडवणाऱ्या यंत्राची) मोटर बंद असेल तेव्हा पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप कामी येतो, मात्र तो शेडसाठी वेगळा विकत घेतलेला असावा. कीटकनाशक मारलेला पंप कितीही धुतला तरी इथे आणू नये. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात बारीक फवारा आणि वाऱ्याच्या बाजूला ओले गोणपाट छान काम करतात. कोकणात किंवा वळवाच्या दमट दुपारी हवा आधीच ओली असते, तिथे फवारा मारला आणि वारा नसला तर धापांनी ओलावा उडेनासा होतो आणि मर वाढते. अशा वेळी दर अर्ध्या तासाने शेडमधून सावकाश एक फेरी मारावी. पक्षी उठले की पोटाखाली कोंडलेली उष्णता सुटते.

पाण्याला विजेची वाट बघायला लावू नये. हजार मोठे पक्षी एरवी दिवसाला ३०० लिटरच्या आसपास पितात, कडक उन्हाळ्यात दुपटीपर्यंत. शेतीच्या फीडरवर जिथे मोटर आठवडाभर दिवसा आणि पुढचा आठवडा रात्री चालते, तिथे किमान दोन दिवसांचे पाणी उंचावरच्या टाकीत असावे. टाकीवर सावली हवी. दुपारी पाइपाचे शेवटचे बूच उघडून तापलेले पाणी सोडून द्यावे, कारण गरम पाण्याला पक्षी तोंड लावत नाहीत.

अंडी उबवणाऱ्यांनी मात्र घाबरून मशीनचे दार उघडू नये. कोंबडीचे अंडे ३७.५ अंशांवर २१ दिवस उबते, आणि खुडूक कोंबडीसुद्धा रोज पंधरा-वीस मिनिटे अंड्यांवरून उठून चरून येते. पहिल्या दोन आठवड्यांत तापमान काही तास उतरले तर पिल्ले थोडी उशिरा निघतात, एवढेच बहुधा होते. मशीनवर गोधडी टाकावी, हवेची भोके मोकळी ठेवावीत. शेवटच्या दिवसांत अंड्यातले पिल्लू स्वतः उष्णता सोडू लागते. तेव्हा भरलेल्या मोठ्या मशीनचा पंखा बंद पडला की मधली अंडी तापतात, आणि ४० अंशांच्या वर जाणे गारठ्यापेक्षा फार वाईट. तिथे झरोके उघडावेत. आतली हवा फसवते, म्हणून पाण्याने भरलेल्या छोट्या बाटलीत थर्मामीटर बुडवून ती अंड्यांत ठेवावी, अंड्याच्या आतल्या तापमानाचा बराच खरा अंदाज येतो. घरात दोन-तीन गावरान खुडूक कोंबड्या असतील तर प्रत्येकीखाली दहा-बारा अंडी सहज मावतात.

फ्रिजमधली लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. लाईट गेल्यावर दार न उघडलेला फ्रिज साधारण चार तास सांभाळतो, पुढे बर्फाचा थर्मास. तापलेली जिवंत लस पाजली तर त्या दिवशी काहीच कळत नाही. चूक कळते ती रोग आल्यावरच.

बंदिस्त ईसी शेडमध्ये, म्हणजे जिथे हवा आणि तापमान यंत्रांवर राखले जाते तिथे, पंखे थांबले की वेळ मिनिटांत मोजावी लागते. तिथे आपोआप चालू होणारा जनरेटर आणि आपोआप पडणारे पडदे दोन्ही हवेत. जनरेटर ऐनवेळी सुरू होत नाही तो बहुतेक वेळा त्याच्या स्टार्टरच्या बॅटरीमुळे, म्हणून दर आठवड्याला पंखे जोडून अर्धा तास चालवावा.

उघड्या शेडवाल्यांनी पिल्ले येण्याच्या आदल्या रात्री नऊला मेन स्विच पाडून बघावे: दिवे लागतात का, कोळसा कोरडा आहे का, काडेपेटी कुठे आहे आणि शेगडी लाल व्हायला किती मिनिटे लागतात.