केळीबागेची हिवाळी निगा (खानदेश)

खानदेशात, विशेषतः जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, मुक्ताईनगर व चोपडा या तापीकाठच्या तालुक्यांत, पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंत केळीच्या बागा थंडीतून सांभाळून नेण्यासाठी केली जाणारी कामे. खानदेश म्हटले की बाहेरच्यांना मे महिन्यातले ४५ अंश आठवतात. पण डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचे वारे सुटले की इथला पारा १० अंशांखालीही उतरतो. केळ हे उष्ण व दमट हवेचे पीक. १६ अंशांखाली त्याची वाढ मंदावते आणि १० अंशांच्या आसपास जवळजवळ थांबते.

थंडी बागेला कोणत्या वयात गाठते, हे लागवडीवर ठरते. जून-जुलैत लावलेली मृगबाग हिवाळ्याच्या उत्तरार्धात निसवणीला येते, म्हणजे तिचे घड खोडातून बाहेर पडू लागतात. सप्टेंबर-ऑक्टोबरची कांदेबाग त्या वेळी अगदी कोवळी असते. कोवळ्या बागेची पाने पिवळी पडतात, नवे पान उलगडायला नेहमीपेक्षा जास्त दिवस घेते. मात्र ऊन वाढले की ती बहुधा सावरते. निसवणीतल्या बागेला अशी सवड नसते. घड खोडातच अडकतो, वाकडातिकडा बाहेर पडतो, कधी खोड फाडून निघतो. घडावरच्या केळांना थंडी लागली तर सालीखालच्या नळ्यांतला चीक गोठून तपकिरी रेघा उमटतात. अशी केळी पिकवल्यावर पिवळीधमक न होता राखट, मळकट दिसतात. झाडावरचा हिरवा घड पाहून हे सहसा कळत नाही. ते पिकवणीच्या खोलीत उघड होते.

त्यामुळे निगेची सुरुवात थंडी पडण्याआधी, ऑक्टोबरमध्येच होते. काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचू नये म्हणून चर मोकळे करतात, पिले (बुंध्यालगत फुटलेले कोंब) कापतात, खोडाला माती लावतात. करपा या बुरशीजन्य रोगाने वाळलेला पानाचा भाग कापून बागेबाहेर नेऊन जाळतात. पावसाळी ढगाळ हवेत मावा किडीमार्फत पसरलेला सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) हा विषाणूजन्य रोग, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलीतला ‘हरण्या’, दिसला तर रोप उपटण्यावाचून इलाज नाही. हिरवे पान मात्र या दिवसांत उगाच कापू नये. घड पोसायला आणि झाकायला तेच लागते.

प्रत्यक्ष थंडीतला मुख्य उपाय म्हणजे रात्रीचे पाणी. विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी रात्रीच्या हवेपेक्षा कोमट असते, ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते आणि पहाटे मुळांना गारठा कमी लागतो. कृषिपंपांना रात्रपाळीची वीज मिळते ही एरवीची कायमची तक्रार. या दोन महिन्यांत तीच वेळ बागेच्या कामी येते. प्रत्येक झाडाला पाव किलोच्या आसपास निंबोळी पेंड देण्याची आणि बुंध्याभोवती पाल्याचे आच्छादन करण्याची पद्धतही रूढ आहे. बागेच्या कडेने शेवरी किंवा हत्तीगवताचा दाट पट्टा असल्यास वारा अडतो; हाच पट्टा पुढे एप्रिल-मेमध्ये झळांपासूनही वाचवतो. घड पूर्वी वाळलेल्या पानांनी झाकत. निर्यातीचा माल काढणारे आता त्यावर सच्छिद्र प्लास्टिक पिशवी चढवतात. पहाटे बांधावर काडीकचरा पेटवून धूर करण्याचा सल्ला जुनाच आहे. वारा पडलेला असेल तर त्याचा उपयोग होतो. वाऱ्याच्या लाटेत धूर शेजारच्या शेतात जातो, बाग तशीच गारठते.

हवामानाधारित फळपीक विम्यात केळीसाठी कमी तापमानाचा धोका नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळासाठी धरलेला आहे. सलग तीन दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याखाली राहिले तर भरपाई लागू होते. निसवणीतल्या बागेचे नुकसान मात्र १०-११ अंशांच्या रात्रींतही होते, आणि त्या रात्री या निकषात बसत नाहीत.