एक मार्चची नदी: हिमालयातल्या ट्राउटची पार्श्वभूमी

हिमाचल प्रदेशात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउट मासा धरायला बंदी असते. १ मार्चला ती उठते आणि कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन खोऱ्यात, बंजारच्या पुढे गुशैणीच्या बाजूला, गरवायला आलेली माणसं काठावर दिसू लागतात. खिशात मत्स्य विभागाचा परवाना आणि हातात लांब, लवचीक रॉड. गळाला गांडूळ नाही, कणकेची गोळीही नाही. पिसं आणि दोरे गुंडाळून केलेली नखाएवढी खोटी माशी आहे. फ्लाय फिशिंग म्हणतात ते हेच.

मार्चच का, याचं उत्तर अर्धं माशात आहे आणि अर्धं बर्फात. ब्राऊन ट्राउट ऐन थंडीत अंडी घालतो. मादी शेपटीने खडी उडवून खळगा करते, त्यात अंडी टाकते, नराने ती फळवली की वरून पुन्हा खडी लोटते. पाणी पाच अंशांच्या आसपास असेल तर पिल्लं फुटायला अडीच-तीन महिने लागतात. चार महिन्यांच्या बंदीमागचं कारण एवढंच. मार्च उजाडतो तेव्हाही बरीच पिल्लं खडीखालीच असतात, म्हणून जाणती मंडळी उथळ खडीच्या पट्ट्यांत पाय घालत नाहीत. बर्फाचा हिशेब पुढचा. एप्रिल उलटला की वरचं बर्फ वितळून नदी फुगते, पाणी राखाडी होतं आणि माशाला माशी दिसेनाशी होते. त्यापाठोपाठ पावसाळ्याचा गाळ. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी पुन्हा निवळतं, पण तोवर बंदी दाराशी आलेली असते. म्हणजे वसंताच्या तोंडाशी मिळतात त्या मोजक्या आठवड्यांवर सगळा खेळ.

एवढ्या नेमक्या वेळापत्रकाभोवती फिरणारा हा मासा मुळात हिमालयातला नाहीच. त्याला इथे येऊन सव्वाशे वर्षं झाली आहेत, आणि त्याला आणताना माणसांनी केलेला आटापिटा हा या गोष्टीतला सर्वात रंजक भाग आहे.

साहेब हिंदुस्थानात आला तेव्हा बंदूक, घोडे आणि क्रिकेट सोबत घेऊन आला. मासे मात्र बोटीतून आणता येईनात. मद्रास इलाख्यातले लष्करी डॉक्टर आणि मत्स्यतज्ज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८६३ मध्ये निलगिरीच्या थंड ओढ्यांत ट्राउट आणायचा प्रयत्न केला. तो फसला. १८६६ मध्ये पुन्हा केला, तोही फसला. अडचण सरळ होती: ट्राउटच्या अंड्यांना सतत थंड, वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं, आणि इंग्लंडहून इकडची वाट उष्ण कटिबंधातून जाते.

यावरचा तोडगा निघाला ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटासाठी. जेम्स यूल नावाचा एक वसाहतवाला तिकडे सामन मासा नेण्याच्या ध्यासाने पछाडलेला होता. त्याच्या आधीच्या खेपा वाटेत मेल्या होत्या. मग लंडनमधल्या वेनहॅम लेक आइस कंपनीच्या बर्फाच्या तळघरात त्याने प्रयोग केला: अंडी ओल्या शेवाळात घालून पेट्या बर्फाखाली ठेवल्या. थंडीने अंड्यांची वाढ मंदावली, पण ती जगली. जानेवारी १८६४ मध्ये ‘नॉरफोक’ जहाज निघालं तेव्हा त्यावर बर्फाचं खास कोठार होतं आणि पेट्यांत सामनची लाखाच्या आसपास अंडी होती. सोबत ट्राउटची तीनेक हजार, जवळजवळ भरीला म्हणून टाकलेली. जहाज जवळपास तीन महिन्यांनी मेलबर्नला लागलं आणि मेच्या सुरुवातीला टास्मानियात प्लेंटी नदीकाठच्या तळ्यांत ट्राउटची पिल्लं फुटली. ज्याच्यासाठी एवढा खर्च झाला तो सामन मोठा होऊन समुद्रात गेला आणि परत आला नाही. भरीला नेलेला ट्राउट मात्र तिथे असा रुजला की आज तिथल्या नद्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. साम्राज्याच्या बऱ्याच योजनांचं हे असंच झालं आहे: हेतू एक, फळ भलतंच.

शेवाळ आणि बर्फ ही रीत हाती आल्यावर उरला तो पैशाचा आणि चिकाटीचा प्रश्न. काश्मीरमध्ये महाराजा प्रतापसिंह यांच्या काळात ड्यूक ऑफ बेडफर्ड यांनी १८९९ मध्ये दहा हजार अंडी भेट म्हणून पाठवली. ती वाटेतच गेली. पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून दुसरी खेप आली आणि ती जगली. काही पिल्लं दाचीगामच्या पाण्यात सोडली गेली, तर काही फ्रँक मिचेल या गालिचा-कारखानदाराने श्रीनगरच्या आपल्या आवारात वाढवली. काश्मीरचा ट्राउट असा गालिच्यांच्या कारखान्यातून निघाला, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. पुढे हारवनला रीतसर अंडी उबवणी केंद्र उभं राहिलं आणि लिद्दर, ब्रिंगी, सिंध अशा नद्यांत मासा पसरला. नद्यांचे ‘बीट’ म्हणजे पट्टे पाडून एकेका बीटवर ठराविक रॉडनाच परवाना द्यायची ब्रिटिश पद्धत तिथे आजही चालू आहे.

कुल्लूत ट्राउट आला तो काश्मीरमधूनच. कुल्लूचे साहाय्यक आयुक्त जी. सी. एल. हॉवेल यांनी १९०९ मध्ये कटराईंजवळ महिली इथे केंद्र काढलं आणि ब्यास व तिच्या उपनद्यांत पिल्लं सोडली. त्याच सुमारास दक्षिणेत एच. सी. विल्सन यांनी निलगिरीत अव्हलांचला केंद्र उभारून डे यांचं अर्धवट राहिलेलं काम तडीला नेलं, फक्त मासा बदलला: तिथे उत्तर अमेरिकेचा रेनबो ट्राउट टिकला.

सह्याद्रीत ट्राउट का नाही, असं कुणी विचारलं तर त्याचं उत्तर तापमानात आहे. या माशाला दहा ते सोळा अंशांचं पाणी मानवतं आणि विशीच्या वर तो गुदमरू लागतो. आपले ओढे उन्हाळ्यात एकतर तापतात, नाहीतर आटतात.

मासा आला त्याआधी कितीतरी शतकं त्याला फसवायची कला तयार होती. एलियन या रोमन लेखकाने इसवी सनाच्या २०० च्या सुमारास मॅसिडोनियातल्या अ‍ॅस्ट्रियस नदीवरच्या लोकांविषयी लिहून ठेवलं आहे. तिथल्या ठिपकेदार माशांना एक विशिष्ट माशी आवडे, पण ती हातात धरली की तिचा रंग जाई. म्हणून लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळत आणि कोंबड्याची मेणाच्या रंगाची दोन पिसं बांधत. पुढे १४९६ मध्ये विंकिन द वर्ड या मुद्रकाने वेस्टमिन्स्टरला छापलेल्या इंग्रजी लेखात महिनावार बारा माश्यांची यादी येते आणि तिची सुरुवात मार्चपासून होते: करड्या लोकरीचं अंग, तित्तिराच्या पिसांचे पंख. आजही मार्चच्या डबीत करड्या-तपकिरी माश्याच जास्त असतात, कारण थंडीतून आधी बाहेर पडणारे किडे तसेच असतात.

या कलेच्या सामानात हिंदुस्थानचा वाटा मोठा आहे आणि त्याची आठवण क्वचितच कुणी काढतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या ईस्टन गावातल्या सॅम्युएल फिलिपी या बंदूक-कारागिराने बांबू उभा चिरून पट्ट्या एकमेकींना चिकटवल्या आणि रॉड केले. तो बांबू ‘कलकत्ता केन’ म्हणून जाई, कारण तो कोलकात्याच्या बंदरातून निघे. जात तीच, जिला आपल्याकडे मानवेल म्हणतात. चीनच्या दक्षिणेकडला टोंकिन बांबू बाजारात येईपर्यंत चांगला रॉड म्हणजे हाच.

दुसरा जिन्नस तर सह्याद्रीच्या अगदी जवळचा. आपल्या जंगलांतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेच्या पिसावर टोकाला पिवळसर, मेणासारखा चकाकता ठिपका असतो. सामनसाठी बांधायच्या स्कॉटिश माश्यांना गालाशी हे पीस लावायची फॅशन निघाली आणि माना सोलून पेट्याच्या पेट्या विलायतेला जाऊ लागल्या. १९०२ मध्ये सरकारने रानपक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. चोरटा माल त्यानंतरही जातच राहिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर कायद्याची बाजू पक्की झाली आणि आता परदेशातले हौशी पाळीव पक्ष्यांच्या पिसांवर भागवतात.

माशी पाण्यावर तरंगायला हवी की बुडायला हवी, यावर इंग्लंडात मोठं रण माजलं होतं. फ्रेडरिक हॅलफर्ड यांचा आग्रह तरंगत्या माशीचा, तोही मासा वर येऊन किडा टिपताना दिसला तरच टाकायची. जी. ई. एम. स्क्यूज यांनी दाखवून दिलं की मासा बहुतेक खाणं पाण्याखालीच उरकतो, तेव्हा किड्याच्या पाण्यातल्या अवस्थेची, म्हणजे निम्फची, नक्कल करणं यात काहीच गैर नाही. मार्चच्या तीर्थनवर उभं राहिलं की हा वाद दहा मिनिटांत निकालात निघतो. हॅलफर्डचा हट्ट धरणारा रिकाम्या हाताने परततो.

काठाजवळच्या पाण्यातला एखादा मुठीएवढा गोटा उचलून उलटा करून बघावा. खालच्या बाजूला वाळूचे कण जोडून केलेल्या बारीक नळ्या चिकटलेल्या दिसतात. आत कॅडिस या किड्याची अळी असते. शेजारी चपटे, तीन शेपट्यांचे मेफ्लायचे निम्फ तुरुतुरु सावलीकडे पळतात. थोडं आणखी थांबलं तर दोन शेपट्यांचा, मोठा, तपकिरी स्टोनफ्लायचा निम्फ दिसतो. मार्चमध्ये ट्राउटचं ताट हे. सकाळी पाणी पाच-सहा अंशांवर असतं तेव्हा मासा डोहाच्या तळाशी संथ पाण्यात पडून राहतो आणि खाण्यासाठी वीतभरसुद्धा सरकत नाही. ऊन दरीत उतरून पाणी दोनेक अंश तापलं की, साधारण अकरा ते तीनच्या दरम्यान, तो हलू लागतो. म्हणून पहाटे उठून पळायची गरज नाही. चहा-पराठे उरकून निघालं तरी चालतं. निम्फ तळाला घासत, प्रवाहाच्याच वेगाने वाहत गेला पाहिजे. दोरीला ताण येऊन तो जरा जरी ओढला गेला तरी ट्राउट तोंड फिरवतो.

साहेब गेल्यावर हे सगळं बंद पडेल असं वाटण्यासारखी स्थिती होती. तसं झालं नाही, कारण राज्याच्या मत्स्य विभागांनी केंद्रं चालू ठेवली आणि हळूहळू दोन वेगळे धंदे उभे राहिले. कुल्लू-मनालीच्या हॉटेलांत ताटात येतो तो बहुतेक शेततळ्यातला रेनबो. नदीत गरवायला मिळतो तो ब्राऊन. तीर्थन खोऱ्यातली कित्येक होमस्टे या दुसऱ्यावर चालतात आणि वाटाड्यांचं काम गावातल्याच पोरांना मिळतं. या नदीवर नऊ लघु जलविद्युत प्रकल्प येऊ घातले होते. बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब आणि गावकरी त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले आणि प्रकल्प रद्द झाले. नदी वाहती राहिली पाहिजे, या मागणीत ट्राउटचाही आधार होता. वसाहतीच्या हौसेचा मासा शेवटी नदीच्या बाजूने साक्षीला आला, असं म्हणायला हरकत नाही.

पण एवढ्यावरून त्याला निर्दोष ठरवता येणार नाही. जगातल्या सर्वात उपद्रवी परक्या जातींच्या शंभर नावांच्या यादीत ब्राऊन आणि रेनबो हे दोन्ही ट्राउट आहेत. हिमालयातल्या या थंड नद्यांचा मूळ रहिवासी स्नो ट्राउट. नाव सारखं असलं तरी तो रोहू-महासीरच्या कुळातला, दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा. ब्राऊन ट्राउट किडे खातो आणि मोठा झाला की लहान मासेही खातो. जागेसाठी आणि खाण्यासाठी स्नो ट्राउटला त्याच्याशी टक्कर द्यावी लागते. स्नो ट्राउटसाठी कुणी परदेशातून अंडी मागवली नाहीत की त्याच्या नावाने रॉड घेऊन पर्यटक आले नाहीत. आपल्याकडे महाडजवळच्या वाळण कोंडीत देवीचे म्हणून महासीर राखले जातात, लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटांचं महासीरचं केंद्र गेली काही दशकं चालू आहे. स्नो ट्राउटला तसा देवही मिळाला नाही आणि तसा उद्योगसमूहही. मासे सोडण्याच्या सरकारी बेतात आता त्याला ब्राऊनच्या बरोबरीने जागा हवी, असं माझं मत आहे, मग त्यासाठी काही उपनद्या ट्राउटपासून मोकळ्या ठेवाव्या लागल्या तरी चालेल.

जुलै २०२३ च्या पुराने ब्यासचं पात्र ठिकठिकाणी खरवडून काढलं. अशा पुरात अंडी घालायची खडीही वाहून जाते आणि ती परत बसायला काही हिवाळे जातात. तेव्हा मार्चमध्ये कुल्लूला जाणाऱ्याने मुख्य नदीपेक्षा वरच्या उपनद्यांची चौकशी आधी करावी आणि परवाना काढतानाच त्या पट्ट्यात धरलेला मासा परत सोडावा लागतो की घेऊन जाता येतो, हे विचारून घ्यावं.