मोठा टर्बो, लहान टर्बो की दोन्ही? डिझेल पिकअपच्या जुन्या पेचाची पार्श्वभूमी

डॉज रॅम पिकअपमध्ये १९८९ साली ५.९ लिटरचं कमिन्स डिझेल इंजिन आलं, तेव्हा त्याची ताकद होती १६० हॉर्सपॉवर. त्याच सहा सिलिंडरांतून आज अमेरिकेतले हौशी लोक हजाराच्या वर ताकद काढतात. ओतीव लोखंडाचा ब्लॉक दणकट खरा, पण वाढीव डिझेल जाळायला तितकी हवा आत कोंबावी लागते. ती कोणत्या टर्बोने कोंबायची, इथे सगळं अडतं.

स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये पेटंटसाठी मांडलेली टर्बोची कल्पना साधी होती: वाया जाणाऱ्या धुरावर टर्बाइन फिरवायचं आणि हवा दाबून सिलिंडरला द्यायची. जहाजाचं इंजिन तासन्‌तास एकाच वेगाने चालतं. तिथे १९२० च्या दशकात ही युक्ती चपखल बसली. ट्रकला सिग्नलवर थांबावं लागतं, चढावर गिअर बदलावा लागतो. मोठं टर्बाइन वेग घ्यायला उशीर लावतं. लहान झटकन फिरतं, पण इंजिन रेसवर आलं की तेच धुराची वाट अडवतं.

कमिन्सने १९५२ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत टर्बो लावलेली डिझेल गाडी उतरवली. फ्रेड अगाबाशियन यांनी ताशी १३८ मैलांनी पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीची सर्वांत पुढची जागा, मिळवली. शर्यतीत मात्र २०० पैकी ७१ फेऱ्यांनंतर गाडी बाहेर पडली, कारण टायरच्या रबराच्या चुऱ्याने टर्बोचं तोंड बुजलं होतं. हवा आत नेणारा इनटेक पाइप आणि फिल्टर यांचा विचार शेवटी करणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर आठवावा.

पुढे वेस्टगेट आला, म्हणजे जास्तीचा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप. मग धुराची वाट गरजेनुसार अरुंद-रुंद करणारा व्हीजीटी. रॅममध्ये तो २००७ च्या ६.७ लिटर इंजिनासोबत आला. धूर अडवून गाडीचा वेग कमी करणाऱ्या एक्झॉस्ट ब्रेकचं कामही तोच करतो, पण काजळीने त्याची सरकती कडी अडकते.

कंपाउंड मांडणीत मोठा टर्बो दाबलेली हवा लहान टर्बोला देतो, आणि दाबांचा गुणाकार होतो: एकाने अडीचपट, दुसऱ्याने दुप्पट, म्हणजे पाचपट. फोर्डने २००८ च्या ६.४ लिटर इंजिनात कारखान्यातूनच दोन टर्बो दिले. जागा, पाइप, खर्च सगळंच वाढतं. तरीही मोठा ट्रेलर ओढायचा असेल तर मी कंपाउंडकडेच झुकेन. लांब चढावर हवा कमी पडली आणि एक्झॉस्टचं तापमान बराच वेळ ७०० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं, तर पिस्टन वितळू शकतो.