जनरेटरचा ब्रेकर आणि आरसीसीबी: मंडपात दोघांची कामं वेगळी

गणपतीत इंदूरच्या मंडपांत लाइट गेली की पेट्रोलचा दोन केव्हीएचा जनरेटर ओढून चालू होतो. त्याच्या पॅनेलवर सॉकेटशेजारी एक छोटं बटण असतं, काही मॉडेल्सवर एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) असतो. "ब्रेकर आहे, शॉकची भीती नाही," असं मंडळात सर्रास बोललं जातं. त्या बटणाला शॉकशी काही देणंघेणं नसतं; शॉक बसत असताना वीज तोडतो तो आरसीसीबी.

तो ब्रेकर फक्त एकूण करंट बघतो. दोन केव्हीए म्हणजे २३० व्होल्टला साधारण ८.७ अँपिअर. हॅलोजन, अँप्लिफायर आणि पाण्याचा पंप एकदम लावला, भार त्यापलीकडे गेला की आतली पट्टी तापून वाकते आणि बटण बाहेर उडतं. भार कमी करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग दाबा. पुन्हा उडालं तर भार अजून जास्तच आहे. ब्रेकर वाईट निघाला म्हणून मोठा टाकणं म्हणजे अल्टरनेटरची (जनरेटरच्या वीज तयार करणाऱ्या भागाची) वाइंडिंग जाळायची तयारी.

आता ओल्या जमिनीवर उभ्या माणसाच्या अंगातून जाणारा करंट बघा. २३० व्होल्टला तो शंभर-दोनशे मिलिअँपिअरच्या घरात असतो. हृदय बंद पाडायला तेवढा पुरतो, आणि दहा अँपिअरच्या ब्रेकरला त्याचा पत्ताही लागत नाही. शॉर्टसर्किटमध्येही त्याच्यावर फार विसंबू नका. एमसीबी किती पट करंटला झटक्यात पडतो, म्हणजे बंद होतो, यावरून त्याचा कर्व्ह ठरतो. सी कर्व्हचा दहा अँपिअरचा एमसीबी झटक्यात पडायला ५० ते १०० अँपिअर लागतात आणि एवढासा जनरेटर तेवढे देऊच शकत नाही. व्होल्टेज कोसळतं, इंजिन दबतं, वायर तापत राहते. बी कर्व्हला ३० ते ५० लागतात, म्हणून तो त्यातल्या त्यात बरा.

आरसीसीबी एकूण करंट मोजतच नाही. फेजने (वीज आणणाऱ्या तारेने) गेलेला आणि न्यूट्रलने (परतीच्या तारेने) परत आलेला, या दोन करंटमधला फरक तो बघतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान पडतो. फरक ३० चा असेल तर ३०० मिलिसेकंदांच्या आत, दीडशेचा असेल तर ४० च्या आत. उलट, ओव्हरलोड त्याला कळत नाही. म्हणून बोर्डात दोन्ही हवेत.

खरी मेख इथून पुढे आहे. बरेच छोटे पोर्टेबल जनरेटर फ्लोटिंग असतात, म्हणजे त्यांचा न्यूट्रल बॉडीला जोडलेला नसतो. अशा मशीनवर वायर सोलली गेली आणि मंडपाच्या लोखंडी पाइपाला टेकली, तरी जमिनीतून जनरेटरकडे परतायला करंटला वाट नसते. दोन करंटमध्ये फरक तयार होत नाही, म्हणून आरसीसीबी पडत नाही. एकच उपकरण चालवायचं असेल तर ही फ्लोटिंग रचना उलट सुरक्षितच, कारण एका तारेला हात लागून सहसा काही होत नाही. पण वीस-पंचवीस माळा, भिजलेले टेपचे जोड आणि लोखंडी सांगाडा असेल तेव्हा पहिला दोष गुपचूप बसून राहतो, आणि दुसऱ्या तारेला हात लावणारा पूर्ण २३० व्होल्ट खातो.

टेस्ट बटणावरून यातलं काही कळत नाही. ते आरसीसीबीच्या आतच फेज-न्यूट्रलमध्ये रेझिस्टर घालून फरक तयार करतं, त्यामुळे अर्थिंग नसतानाही ते खटकन पडतं. जमिनीत अर्थची खुंटी ठोकून फक्त बॉडी अर्थ केली तरी न्यूट्रल सुटाच राहतो.

तपासणी सोपी आहे. जनरेटर बंद, सगळे प्लग काढलेले. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की बीप वाजते त्या सेटिंगवर) ठेवून सॉकेटची दोन्ही भोकं आळीपाळीने अर्थच्या भोकाशी तपासा. कुठेच बीप नाही, म्हणजे फ्लोटिंग. मग मशीनची पुस्तिका बघा. तिथे मनाई नसेल तर वायरमनकडून वेगळा बोर्ड करून घ्या: आत येणारा न्यूट्रल आरसीसीबीच्या आधी अर्थबारला (अर्थच्या वायरी जोडायच्या पट्टीला) जोडायचा, अर्थबारपासून एक वायर जनरेटरच्या बॉडीला आणि एक खुंटीला. हा जोड आरसीसीबीच्या पुढे केला तर गळतीचा करंटही आरसीसीबीतूनच परत येईल, त्याला फरक दिसणार नाही आणि तो पडणारच नाही. या बोर्डावर ठळक लिहा, "फक्त जनरेटरसाठी". घरच्या किंवा वीज कंपनीच्या लाइनवर तो कधीच लावायचा नाही. जनरेटरच्या दुसऱ्या सॉकेटलाही काही लावायचं नाही, तिथे आरसीसीबीचं छत्र नसतं.

खुंटी पेव्हरच्या फटीत खुपसून उपयोग नाही. माळव्याची काळी माती पावसाळ्यात ओली असते, चांगला अर्थ देते; डिव्हायडरजवळ किंवा बागेच्या कडेला मोकळी माती शोधा.

काम झाल्यावर १५ वॉटचा फिलामेंटचा बल्ब होल्डरमध्ये लावून बोर्डाच्या सॉकेटमध्ये फेज आणि अर्थ यांच्यामध्ये जोडा. त्यातून ६५ मिलिअँपिअर जातो. बल्ब लुकलुकला आणि आरसीसीबी पडला तर बरोबर. बल्ब लागलाच नाही तर न्यूट्रल अजून सुटा आहे किंवा तुम्ही चुकीचं भोक धरलंत. लागून राहिला तर आरसीसीबी किंवा त्याची वायरिंग बिघडलेली. एलईडी बल्ब इथे वापरू नका.

यानंतरची तक्रार ठरलेली: "हा सारखा पडतो." एलईडी माळांच्या प्रत्येक ड्रायव्हरमधून (माळेला लागेल तशी वीज करून देणाऱ्या डबीतून) थोडी गळती होतेच, आणि वीस-पंचवीस ड्रायव्हर एका आरसीसीबीवर आले की बेरीज १५ मिलिअँपिअरच्या जवळ जाते. अशा वेळी माळा दोन आरसीसीबींवर वाटा. तरीही पडला तर सगळ्या काढून एकेक लावत जा; जिच्यावर पडेल तिचे जोड आधी उघडून बघा, पावसाचं पाणी बहुधा तिथेच सापडतं.